लडाखास मोटारसायकलीने जावयाचे तर केव्हा?

आपल्या सभासद-कुटुंबांतून मोटारसायकलीवर लडाखास जावयाचे बेत आता नवलाचे राहिलेले नाहीत. मुलगा कॉलेजच्या शेवटच्या वर्षास आला, किंवा नोकरी लागून वर्ष उलटले, की चार मित्र जमतात आणि बेत ठरतो. मग घरात दोन पक्ष पडतात. एका पक्षाजवळ नकाशा, नवे हेल्मेट आणि उत्साह असतो. दुसऱ्या पक्षाजवळ केवळ काळजी. जावे की न जावे यावर दोन्हीकडून पुष्कळ बोलले जाते; परंतु माझ्या मते हा वाद दुसऱ्या पायरीचा आहे. पहिली पायरी, जावयाचे तर केव्हा, ही. मी शाळेत भूगोल शिकवितो, त्यामुळे माजी विद्यार्थी असले नकाशे घेऊन घरी येतात. एका सप्टेंबरात मी स्वतःही हा प्रवास केला आहे. स्मरणिकेच्या संपादकांनी सभासदांस उपयोगी पडेल असे काही लिहा म्हणून सांगितले, तेव्हा हाच विषय पुढे ठेवीत आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वडोदऱ्याहून लेहपर्यंत जाणारा मनुष्य एका प्रवासात तीन निरनिराळ्या हवामानांतून जातो. पहिले आपले व राजस्थानचे सपाटीचे हवामान : मे-जूनमध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, आणि जूनच्या मध्याच्या पुढेमागे आपल्याकडे पाऊस सुरू होतो. दुसरे हिमालयाच्या दक्षिण उताराचे, म्हणजे मंडी, कुलू, मनाली, किंवा दुसऱ्या बाजूने जम्मू, रामबन, बनिहाल यांचे. येथे मोसमी पाऊस डोंगरावर आदळतो आणि दरडी कोसळतात. तिसरे पर्वतरांगांपलीकडचे, लाहौल व लडाखचे थंड वाळवंट. यांपैकी एकास जो महिना सोयीचा, तो दुसऱ्यास हमखास गैरसोयीचा असतो. लडाखचे हवामान तेवढे पाहून तारीख ठरविणारे पुष्कळ भेटतात. वाटेतील इतर दोन हवामाने त्यांच्या हिशोबातच नसतात. अपघाताचे आणि अडकून पडण्याचे बहुतेक प्रसंग मात्र या वाटेवरच येतात.

पर्वतापलीकडे पाऊस का पोहोचत नाही हे समजण्यास आपल्याला सह्याद्रीचा दाखला पुरेसा आहे. आपल्यापैकी अनेकांची मूळ गावे सातारा-वाई भागातील आहेत. महाबळेश्वरास वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून घाट उतरून पूर्वेस वाईला आले की तो एका लहानशा हिश्शावर येतो. वारे डोंगर चढताना थंड होतात, पाणी टाकतात, आणि पलीकडे उतरताना कोरडे झालेले असतात. हिमालयात हेच घडते, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावर. लेहचा वर्षाचा पाऊस शंभर मिलिमीटरांच्या आसपास भरतो. आपल्या वडोदऱ्यात एखाद्या दांडग्या दिवशी त्याहून जास्त पडतो. रोहतांगखालून ९ किलोमीटरांचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. त्याच्या दक्षिण तोंडाशी देवदार आणि धुके, तर उत्तर तोंडाशी उघडे, करडे डोंगर, असा फरक गाडी काही मिनिटे चालवून डोळ्यांनी पाहावयास मिळतो. भूगोलाचा पर्जन्यछायेचा धडा इतका सोपा करून सांगणारी दुसरी जागा माझ्या माहितीत नाही.

यावरून कोणी असे अनुमान काढील की पावसाळ्यात लडाख कोरडे, तेव्हा जुलै-ऑगस्ट उत्तम. पुस्तकांतूनही हे महिने ‘हंगाम’ म्हणून दिलेले असतात. परंतु कोरडा प्रदेश पावसाच्या दृष्टीने सुरक्षित असतोच असे नाही. तेथील डोंगरावर गवत नाही, झाड नाही, माती धरून ठेवणारे काही नाही. घरांची छपरे मातीची व सपाट. थोडा पाऊस जोराने आला तरी सबंध उतार चिखल होऊन खाली येतो. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेहवर ढगफुटी झाली, तीत दोनशेहून अधिक माणसे दगावली आणि चोगलमसर वस्तीची धूळधाण उडाली. अलीकडच्या वर्षांत पर्वताच्या दक्षिण बाजूची स्थिती तर अधिकच बिकट झाली आहे. ९ व १० जुलै २०२३ रोजी बियास नदीने कुलू-मनालीचा रस्ता जागोजाग तोडला. त्याच दिवसांत वर चंद्रतालाकाठी बर्फ पडून सुमारे तीनशे प्रवासी अडकले आणि त्यांना काढावयास कित्येक दिवस लागले. २०२५ च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात बियासने मनालीजवळचा महामार्ग पुन्हा गिळला. म्हणून मी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळ मोटारसायकलीसाठी सरळ वर्ज्य मानतो. विमानाने लेहला जाऊन तेथल्या तेथे फिरणाऱ्याची गोष्ट निराळी.

आता बर्फाचे पाहू. लडाखात जाण्यास दोन मोठे रस्ते आहेत. एक श्रीनगराहून झोजी ला ओलांडून कारगिलमार्गे, सुमारे ४२० किलोमीटरांचा. दुसरा मनालीहून, बोगदा झाल्यापासून साधारण ४३० किलोमीटरांचा. ‘ला’ म्हणजेच खिंड, तेव्हा ‘झोजी ला खिंड’ म्हणणे हे ‘लिंबूचे लिंबूपाणी’ म्हटल्यासारखे होते, असो. झोजी ला अवघी ३,५२८ मीटर उंच, पण बर्फ तेथे अतोनात पडते. १ नोव्हेंबर १९४८ रोजी भर हिमवर्षावात आपल्या सैन्याने रणगाडे चढविले ती हीच जागा. मनालीच्या रस्त्यावर बारालाचा ला सुमारे ४,८९० मीटर, त्यापुढे लाचुंग ला पाच हजारांच्या वर, आणि तांगलांग ला ५,३२८ मीटर आहे. पूर्वी हे रस्ते पाच-सहा महिने बंद असत. सीमा सडक संघटनेने यंत्रे व माणसे लावून हा काळ पुष्कळ कमी केला आहे. मनाली-लेह रस्ता २०२३ साली २५ मार्चला, १३८ दिवसांनी, उघडला. झोजी ला २०२५ साली १ एप्रिलला, अवघ्या ३२ दिवसांनी.

वर्तमानपत्रात अशी बातमी वाचून तरुण मंडळी एप्रिलमध्येच बॅगा बांधू लागतात. रस्ता ‘उघडला’ याचा खरा अर्थ काय, हे येथे समजून घेतले पाहिजे. यंत्रांनी बर्फ कापून एक गल्ली मोकळी केली, आणि सैन्याच्या व रसदीच्या गाड्या साखळ्या लावून एका बाजूने सोडल्या, इतकाच तो अर्थ असतो. दुचाकीस परवानगी त्यानंतर कित्येक आठवड्यांनी मिळते, आणि मिळाली तरी दोन्हीकडे पुरुषभर उंचीच्या बर्फाच्या भिंती व मध्ये घसरडा चिखल असतो. बरे, ही तारीख दर साली बदलते. आमच्या घरी रमजान ईदही दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, पण चंद्राचा हिशोब दहा वर्षे पुढचाही मांडता येतो. बर्फाचा हिशोब त्या साली हिवाळ्यात व वसंतात पश्चिमेकडून किती विक्षोभ आले यावर असतो, आणि तो मार्च उलटेपर्यंत कोणालाच सांगता येत नाही.

या सर्वांचा मेळ घातला की वडोदऱ्याहून जाणाऱ्यासाठी वर्षातून दोनच दारे उघडी दिसतात, आणि तीही अरुंद. पहिले दार जूनचे. जूनच्या पहिल्या आठवड्यात घर सोडावे, महिन्याच्या मध्यास लेहमध्ये असावे, आणि हिमाचलात मोसमी पाऊस स्थिरावण्यापूर्वी, म्हणजे २२-२४ जूनच्या सुमारास, परतीच्या वाटेवर मनाली मागे टाकावी. या दारातील दोष असा की जाताना राजस्थानची भट्टी ओलांडावी लागते, आणि खिंडींत वितळते बर्फ असते. दुसरे दार सप्टेंबरचे. ऑगस्टच्या अखेरीस किंवा १ सप्टेंबरास निघावे, आणि २० सप्टेंबरच्या आत उंच खिंडी ओलांडून खाली उतरावे. हवा स्वच्छ असते, ओढे उतरलेले असतात, रस्त्यांची पावसाळी डागडुजी बरीच झालेली असते. माझी पसंती याच दाराला आहे. मात्र यातही दोन जोखमी आहेत, त्या लपवून ठेवण्यात अर्थ नाही. सप्टेंबर २०१४ च्या पहिल्या आठवड्यात झेलमला आलेल्या पुराने श्रीनगर बुडविले होते. मोसमी वारे वायव्य भारतातून परतू लागण्याची सर्वसाधारण तारीखच १७ सप्टेंबर आहे, तेव्हा महिन्याचा पहिला पंधरवडा पावसातून मुक्त नसतो. आणि २०१८ साली २२ सप्टेंबरपासून लाहौल-स्पितीत अकाली बर्फ पडले, शेकडो प्रवासी अडकले, वायुसेनेच्या हेलिकॉप्टरांनी अनेकांस बाहेर काढले. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यास ‘अजून महिना शिल्लक आहे’ असे समजून वर चढणाऱ्याने ते वर्ष आठवावे. शिवाय सरचू, पांग येथील तंबू त्याच सुमारास आवरावयास लागतात. मग दोनशे किलोमीटरांत चहा देणारा किंवा रात्री छप्पर देणारा कोणी भेटेलच असे नाही.

शिक्षकांची व विद्यार्थ्यांची अडचण येथेच आहे. गुजरातेत शाळांची उन्हाळी सुट्टी मेच्या आरंभापासून जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आतबाहेर संपते. दुसरी मोठी सुट्टी दिवाळीची. दिवाळीत उंच खिंडींचा विचारच सोडून द्यावा. राहिली मेअखेर. आमच्या शिक्षकवर्गातील कोणी मला विचारले, तर मी मेअखेरीस लेहचा हट्ट धरू नका असे सांगतो. त्याऐवजी सिमल्याहून किन्नौरमार्गे स्पितीत काझापर्यंत जाऊन त्याच वाटेने परतावे. हा रस्ता सतलजच्या काठाने हळूहळू चढतो, मोठी खिंड न ओलांडता काझापर्यंत जाता येते, आणि तो वर्षातील बहुतेक काळ चालू असतो. काझा सुमारे ३,७०० मीटर उंच आहे. म्हणजे लेहपेक्षा किंचित वरच. डोंगर तेच, वाळवंट तेच, फक्त नावाचा डंका कमी. नोकरदारांनी मात्र रजा मागतानाच सप्टेंबरची मागावी.

दिवस किती लागतील? येथेच पुष्कळांचे गणित चुकते. वडोदऱ्याहून जम्मूपर्यंतच दीड हजार किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. दिवसाला चारशे धरले तर चार दिवस. (येथे एक स्थानिक सूचना : अहमदाबादच्या द्रुतगती मार्गावर दुचाकीस मज्जाव आहे, तेव्हा आणंद-नडियादवरून जुन्या महामार्गानेच जावे लागते, आणि पहिला दिवस अपेक्षेपेक्षा लांबतो.) जम्मू ते श्रीनगर एक, श्रीनगरला विसावा एक, कारगिलमार्गे लेह दोन, लेहला अंगात उंची मुरावी म्हणून दोन, नुब्रा व पँगाँग मिळून चार, लेहहून मनाली दोन किंवा तीन, तेथून घर चार-पाच. एकवीस-बावीस दिवस सहज होतात. यात पाऊस, दरड, ताप, पंक्चर काहीच धरलेले नाही. त्यासाठी निदान तीन दिवस मोकळे ठेवलेच पाहिजेत, म्हणजे पंचवीस. ज्याला पंधराच दिवसांची रजा आहे त्याने सपाटी मोटारसायकलीवर ओलांडण्याचा मोह सोडावा, गाडी रेल्वेच्या पार्सलने जम्मूस किंवा चंदीगडास पाठवावी आणि आपणही आगगाडीने जावे. पेट्रोलची टाकी रिकामी करून, गाडी बांधून, कागदपत्रांच्या प्रतींसह ती द्यावी लागते. आणि ती आपल्याच गाडीबरोबर पोहोचेल असे गृहीत धरू नये, दोन-तीन दिवस आधी पाठवावी. काही तरुणांस यात कमीपणा वाटतो. राजस्थानात दुपारी एक वाजता उकळत्या डांबरावर मोटारसायकल चालविण्यात कोणता मोठेपणा आहे हे मला अद्याप कोणी समजावून सांगितलेले नाही.

जाण्याचा रस्ता श्रीनगरचा आणि परतीचा मनालीचा, हा क्रम मी वर गृहीत धरला आहे, त्यास कारण उंचीचे आहे. वडोदरा समुद्रसपाटीपासून चाळीस मीटरांच्या आसपास. श्रीनगर १,६०० मीटरांच्या जवळपास, कारगिल सुमारे २,७००, लेह ३,५००. अशा पायऱ्यांनी शरीर चढते. मनालीकडून गेल्यास पहिल्या रात्री जिस्पा ३,२०० मीटर आणि दुसऱ्या रात्री सरचू सुमारे ४,३००, अशी एकदम हजार मीटरांची उडी पडते. तीन हजार मीटरांच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये, असा गिर्यारोहणाच्या वैद्यकशास्त्राचा दंडक आहे. सरचूच्या तंबूत रात्रभर डोके धरून बसलेल्या धडधाकट जवानांच्या हकीकती त्यामुळेच ऐकू येतात. उलट लेहकडून येताना शरीर सरावलेले असते, आणि सरचूस न थांबता पहाटे निघून जिस्पापर्यंत उतरता येते. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे इथपर्यंत विश्रांती घ्यावी व वर चढू नये. चालताना तोल जाऊ लागला, किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, तर रात्र असो की दिवस, खाली उतरावे. तेथे थांबणे जिवावर बेतते. दम्याचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्याने निघण्यापूर्वी डॉक्टरांस दाखवावे. उंचीवर घ्यावयाच्या गोळ्या मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नयेत; सल्फा औषधे न सोसणाऱ्यांस त्या बाधू शकतात.

वर्षाचे पंचांग झाले. डोंगरास दिवसाचे घड्याळही आहे, आणि ते पाळणे माझ्या मते तितकेच महत्त्वाचे. सकाळी आकाश निरभ्र असते. ऊन चढले की बर्फ वितळू लागते, आणि ते पाणी दुपारनंतर रस्त्यावरून वाहणाऱ्या ओढ्यांत पोहोचते. दारचा व बारालाचा ला यांच्या दरम्यान, तसेच पँगाँगच्या वाटेवर, असे ओढे आहेत. पँगाँगच्या वाटेवरील एकास तर लोकांनी ‘पागल नाला’ असेच नाव दिले आहे. सकाळी आठ वाजता घोट्याएवढे असलेले पाणी दुपारी चार वाजता गुडघ्याच्या वर येते, आणि त्याखालील गोटे दिसत नाहीत. यास्तव जूनमध्ये पहाटे निघून मोठी खिंड दुपारच्या आत ओलांडावी आणि तीन वाजेपर्यंत मुक्कामी असावे. ओढ्याशी उशिरा पोहोचल्यास पलीकडे जाण्याचे धाडस न करता अलीकडेच रात्र काढावी. पहाटेपर्यंत पाणी आपोआप उतरते. सप्टेंबरात मात्र हाच नियम थोडा बदलतो. रात्री ओल गोठून रस्त्यावर काचेसारखा पातळ थर धरतो, तो डांबराहून वेगळा ओळखू येत नाही. म्हणून त्या दिवसांत ऊन रस्त्यावर पडेपर्यंत थांबावे, मग निघावे.

थंडीचा अंदाज घरबसल्या करता येतो. हजार मीटर चढले की तापमान साधारण साडेसहा अंश उतरते. वडोदऱ्यात तीस अंश असताना तांगलांग ला येथे शून्याच्या तीन-चार अंश खाली असावे, असा ढोबळ हिशोब निघतो, आणि धावत्या मोटारसायकलीवर वारा त्यात भर घालतो. तरीही कोरडा मनुष्य थंडी सोसतो; भिजलेला सोसू शकत नाही. पैसे खर्चावयाचे तर भारी जाकिटापेक्षा पाणी आत न येऊ देणारे बूट, हातमोज्यांचे दोन जोड आणि चांगला रेनसूट यांवर खर्चावेत. छातीशी वर्तमानपत्र घालण्याची जुनी युक्ती अजूनही काम देते.

गाडीविषयी थोडेच सांगतो, कारण त्यात जाणकार मंडळी पुष्कळ आहेत. पाच हजार तीनशे मीटरांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. बिस्किटांचा पुडा तेथे फुग्यासारखा फुगतो तो त्यामुळेच, आणि इंजिनासही तेवढीच कमी हवा मिळते. शहरात दोघांना हसत नेणारी गाडी तेथे चढावर रडते. म्हणून सामान कमी, आणि शक्य तर एका गाडीवर एकच माणूस. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांत पेट्रोलचे प्रमाण वाजवीपेक्षा जास्त होऊन त्या धुरकटतात व बंद पडतात; २०२० नंतरच्या इंधन-अंतःक्षेपणाच्या गाड्या हे आपले आपण सांभाळून घेतात, पण शक्ती त्यांचीही घटतेच. केलाँगच्या अलीकडे तांडीच्या पंपावर ‘पुढील पंप ३६५ किलोमीटर’ अशी पाटी अनेकांनी पाहिली आहे. मध्यंतरी कोठे नवा पंप झाला असला तरी तो चालू असेलच या भरवशावर न राहता, टाकी भरून शिवाय पाच लिटर जवळ असावे.

हवेचे भविष्य पाहण्याची सोय आता चांगली आहे. हवामान खात्याचे लेहमध्ये स्वतंत्र केंद्र २०२० च्या डिसेंबरात सुरू झाले. सिमला व श्रीनगर येथे आधीपासून आहेतच. पश्चिमी विक्षोभ येणार हे साधारण तीन-चार दिवस आधी कळते. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे इशाऱ्यांचे रंग असतात. पिवळ्यावर सावध राहावे, नारिंगी असेल तर मुक्काम हलवू नये, एवढे ठरवून टाकले तर रस्त्यावर वाद होत नाहीत. मात्र इशारा पाहताना लेहचा पाहून भागत नाही. लेहहून मनालीस निघताना लाहौल, कुलू व मंडी या तिन्हींचा पाहावा, कारण पर्वतापलीकडे स्वच्छ ऊन असताना अलीकडे दरडी कोसळत असतात, आणि बोगद्यातून बाहेर पडल्यावर ते कळून काही उपयोग नसतो. खिंडीची त्या दिवसाची स्थिती पोलीस ठाण्यात किंवा उलट दिशेने आलेल्या ट्रकवाल्यास विचारावी. ट्रकवाल्याचा शब्द मी अधिक मानतो. तो नुकताच तेथून आलेला असतो.

आणि मोकळे तीन दिवस. हे दिवस कोणत्याही यादीत नसतात, कारण त्यांत पाहावयाचे काही नसते. चार मित्रांच्या बेतात सर्वांत आधी तेच कापले जातात : एक दिवस त्सो मोरिरीस द्या, एक उमलिंग ला येथे. मग सोमवारी कचेरीत हजर व्हावयाचे असते, शनिवारी बारालाचावर ढग उतरलेले असतात, आणि थांबण्यास दिवस उरलेला नसतो. संध्याकाळी सहा वाजता फुगलेल्या ओढ्यात गाडी घालणारा तरुण बहुधा मूर्ख किंवा उद्धट नसतो. त्याची रजा संपलेली असते. म्हणून निघण्यापूर्वी कागदावर एक तारीख लिहून ठेवावी, की अमुक दिवसापर्यंत लेह गाठले नाही तर जेथे असू तेथून परत फिरू. ही तारीख घरी, थंड डोक्याने, ठरवावी आणि घरच्यांस सांगून ठेवावी. द्रासहून परतलेला मुलगा लडाख पाहून आला नाही असे कोणी म्हणणार नाही. द्रास लडाखातच आहे.

घरी राहणाऱ्यांसाठीही दोन शब्द. दारचा सोडल्यापासून उपशी येईपर्यंत बहुतेक वाटेवर फोन लागत नाही, आणि बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड कार्डे लडाखात व काश्मीरात चालत नाहीत. निदान गटातील दोघांनी पोस्टपेड कार्ड घेऊन जावे. फोन कोणत्या गावाहून येईल हे आधी ठरलेले असावे : श्रीनगर, कारगिल, लेह, केलाँग, मनाली. लेह आणि केलाँग यांमध्ये दीड दिवस निरोप आला नाही तर ते अपेक्षितच समजावे; त्यानंतर मात्र गप्प न बसता जिल्हा पोलिसांस गाडीचा क्रमांक कळवावा. आई-वडिलांनी मुलास ‘सांभाळून जा’ असे सांगण्यापेक्षा तीन प्रश्न विचारावेत : मोकळे दिवस किती ठेवले आहेत, परत फिरण्याची तारीख कोणती, आणि सरचूस झोपणार आहेस काय. तिन्हींची उत्तरे तत्काळ आली तर बेत विचारपूर्वक केलेला आहे असे समजण्यास हरकत नाही.

परतीच्या शेवटच्या दिवसाविषयी एक गोष्ट राहिली. जूनअखेरीस किंवा सप्टेंबरात परतणाऱ्यास आपलाच पाऊस दारात भेटण्याचा संभव असतो. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीच्या पुराने शहराचे मोठे भाग कित्येक दिवस पाण्याखाली होते, आणि मगरी रस्त्यांवर आल्या होत्या. तेव्हा उदेपूर किंवा हिंमतनगर येथे शेवटचा मुक्काम करावा, घरी फोन करून गोत्रीकडे येणारा कोणता रस्ता चालू आहे हे विचारावे, आणि मगच निघावे.